‘राज्यपाल’ आणि ‘अपक्ष’ : निवडणुकीच्या परिभाषेतील दोन शब्दांचा अर्थविचार

१. विषयप्रवेश

परदेशातील निवडणुकांचे वृत्त मराठीत देताना ‘राज्यपालपदाची निवडणूक’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. अमुक राज्यात दोन प्रमुख पक्षांचे उमेदवार आणि एक अपक्ष यांच्यात राज्यपालपदासाठी तिरंगी लढत झाली, अशा प्रकारचे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असते व त्यातील एकही शब्द वाचकास अपरिचित नसतो. तथापि बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ येथील मतदाराने हे वाक्य वाचले, तर त्याच्या अनुभवातील कोणत्याही घटनेशी ते जुळत नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, मेहकर मतदारसंघातून विधानसभा आणि बुलढाणा मतदारसंघातून लोकसभा, इतक्या ठिकाणी तो मत देतो. राज्यपालासाठी मात्र त्याने कधी मत दिलेले नाही व प्रचलित संविधानानुसार देणारही नाही.

येथे दोष वाचकाचा नाही. एकाच शब्दाखाली दोन भिन्न संस्था आल्या आहेत, आणि शब्द ओळखीचा असल्यामुळे हा भेद झाकून गेला आहे. ‘अपक्ष’ या शब्दाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. तो एकाच देशात, किंबहुना एकाच मतदारसंघात, अनेक अर्थांनी वावरतो. प्रस्तुत टिपणात या दोन शब्दांची घटना, त्यांच्या मागील संस्थांचा इतिहास आणि २०२४ सालच्या बुलढाणा लोकसभा निवडणुकीत दिसून आलेला त्यांचा व्यवहार यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. शब्दांच्या अर्थाचा हा प्रश्न केवळ कोशकारापुरता नाही. मताचा अधिकार कोठपर्यंत पोहोचतो याची मतदाराची कल्पना पुष्कळ अंशी याच शब्दांनी घडते, म्हणून त्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

२. ‘राज्यपाल’ : शब्द आणि संस्था

‘राज्यपाल’ हा सामासिक शब्द ‘पाल’ या उत्तरपदाने सिद्ध झालेल्या मोठ्या गटातील आहे. गोपाल, द्वारपाल, क्षेत्रपाल ही त्यातील जुनी रूपे. ग्रंथपाल, लेखापाल, लोकपाल ही अर्वाचीन. या सर्वांत राखण करणे, सांभाळणे हा भाव समान आहे. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू नेमून दिल्याप्रमाणे सांभाळणारा, असा या पदाचा सर्वसाधारण अर्थ दिसतो. याउलट ‘गव्हर्नर’ हा इंग्रजी शब्द लॅटिनमार्गे ज्या ग्रीक शब्दापर्यंत जातो, त्याचा मूळ अर्थ नावेचे सुकाणू धरणारा असा आहे. एका शब्दात राखणदार आहे, दुसऱ्यात नाखवा. भाषांतरात ही दोन्ही पदे समानार्थी ठरली. परंतु भारतीय राज्यघटनेतील पदाचे वर्णन करण्यास ‘पाल’ हेच उत्तरपद अधिक अन्वर्थक आहे, हे पुढील इतिहासावरून स्पष्ट होईल.

ब्रिटिश अमदानीत मराठीत ‘गव्हर्नर’ किंवा ‘गव्हर्नरसाहेब’ असेच म्हटले जाई. बोलीत ‘लॉर्ड’ या शब्दावरून आलेला ‘लाटसाहेब’ हा शब्दही रूढ होता. वऱ्हाडच्या बाबतीत या पदाचा इतिहास काहीसा निराळा आहे. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०३ नंतर त्याचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून होऊ लागला. नागपूरचा प्रमुख अधिकारी १९२० पर्यंत चीफ कमिशनर होता, त्यानंतर गव्हर्नर झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बुलढाणा जिल्हा मध्यप्रदेशात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. म्हणजे एकाच गावात राहणाऱ्या व्यक्तीच्या हयातीत तिचा गव्हर्नर किंवा राज्यपाल तीन निरनिराळ्या राज्यांचा प्रमुख होता, आणि यांपैकी एकाही बदलाच्या वेळी त्या पदावरील व्यक्ती कोण असावी हे तिला विचारले गेले नाही.

असे असले तरी ही विचारणा करण्याची योजना एकदा संविधान सभेने स्वीकारली होती, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील प्रांतिक संविधान समितीने जुलै १९४७ मध्ये जी तत्त्वे मांडली, त्यांत प्रांताचा गव्हर्नर प्रौढ मतदानाने थेट जनतेकडून निवडला जावा असे तत्त्व होते, आणि सभेने ते मान्यही केले. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात या विषयावर दोन पर्याय समोरासमोर छापले गेले. पहिला थेट निवडणुकीचा. दुसऱ्यानुसार विधिमंडळाने चार नावांची यादी निवडावी आणि राष्ट्रपतीने तीतून एकाची नेमणूक करावी, अशी व्यवस्था होती. जनतेने निवडलेला गव्हर्नर आणि विधानसभेला जबाबदार असलेला मुख्यमंत्री हे एकाच वेळी अस्तित्वात असतील तर त्यांच्यात संघर्ष उद्भवेल, ही शंका मसुदा समितीतील काही सदस्यांनी तेव्हाच नोंदविली होती.

अखेर ३० व ३१ मे १९४९ रोजी झालेल्या चर्चेत ब्रजेश्वर प्रसाद यांच्या दुरुस्तीने दोन्ही पर्याय बाजूस पडले आणि राष्ट्रपतीने थेट नेमणूक करावी हा तिसराच मार्ग स्वीकारला गेला. पंडित नेहरूंनी या दुरुस्तीस पाठिंबा दिला. निवडून आलेला गव्हर्नर प्रांतिक फुटीरपणास उत्तेजन देईल, आणि खर्च व श्रम पदाच्या मानाने अवाजवी होतील, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद अधिक तार्किक स्वरूपाचा होता. ज्या पदावरील व्यक्तीस स्वतःच्या बुद्धीने करावयाची कार्ये जवळजवळ नाहीत, त्या पदासाठी साऱ्या प्रांताची निवडणूक घेण्याचे प्रयोजन उरत नाही, असा तो होता. त्यातून आजचे अनुच्छेद १५५ व १५६ सिद्ध झाले : राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतो आणि राष्ट्रपतीची मर्जी असेतोवर तो पदावर राहतो.

या युक्तिवादाचा आधार लक्षात घेतला पाहिजे. राज्यपाल निवडून यावयाचा नाही, कारण त्याला सत्ता नाही, असे हे समीकरण आहे. मग ज्या ठिकाणी त्याला सत्ता असेल तेथे या समीकरणाचे काय, हा प्रश्न उरतोच. विदर्भापुरते पाहिले तरी अनुच्छेद ३७१ (२) अन्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्या समतोल विकासासंबंधी राज्यपालावर विशेष जबाबदारी टाकता येते. त्यानुसार १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. या काळात सिंचनाच्या अनुशेषासारख्या प्रश्नावर निधीच्या वाटपाचे निर्देश देणारी व्यक्ती मुख्यमंत्री नसून राज्यपाल होती. मेहकर तालुक्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सत्ता शोभेची खचितच नव्हती.

३. निवडून येणारा गव्हर्नर

आता ज्या संस्थांसाठी ‘राज्यपालपदाची निवडणूक’ हा शब्दप्रयोग केला जातो त्यांच्याकडे वळू. अमेरिकेतील पन्नासही राज्यांत गव्हर्नर थेट मतदाराकडून निवडला जातो. न्यू हॅम्पशायर व व्हर्मोंट या दोन राज्यांत त्याची मुदत दोन वर्षे, इतरत्र चार वर्षे असते. तो राज्याच्या कार्यकारी शाखेचा खराखुरा प्रमुख असून विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर नकाराधिकार वापरू शकतो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर मुख्यमंत्री आणि राज्यपाल या दोघांचे काम त्या एकाच व्यक्तीकडे असते, आणि विधिमंडळातील बहुमत गेले म्हणून त्याचे पद जात नाही. अशा निवडणुकीत अपक्षही क्वचित यशस्वी होतो. मेन राज्यात १९७४ साली जेम्स लाँगली, तेथेच १९९४ व १९९८ मध्ये अँगस किंग, ऱ्होड आयलंडमध्ये २०१० साली लिंकन चॅफी आणि अलास्कात २०१४ साली बिल वॉकर हे अपक्ष म्हणून गव्हर्नर झाले. यांपैकी वॉकर यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे बायरन मॅलट यांना उपगव्हर्नरपदाचे सोबती करून ती निवडणूक लढविली होती. ‘अपक्ष’ या शब्दाच्या सीमा किती लवचिक असतात, याचे हे एक उदाहरण होय.

जपानचे उदाहरण आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तेथे सत्तेचाळीस प्रांतविभाग असून त्यांच्या प्रमुखास ‘चिजी’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्याची नेमणूक केंद्र सरकार करीत असे. १९४७ पासून तो थेट निवडून येऊ लागला. ज्या वर्षी भारताने नेमणुकीकडून निवडणुकीकडे वळण्याचा संकल्प केला, त्याच वर्षी जपानने तो अमलात आणला. दोन वर्षांनी भारताने मात्र तो सोडून दिला. टोकियोच्या ७ जुलै २०२४ च्या निवडणुकीत ५६ उमेदवार होते. विजयी झालेल्या युरिको कोइके, दुसऱ्या क्रमांकावरील शिंजी इशिमारू आणि तिसऱ्या क्रमांकावरील रेन्हो, हे तिघेही औपचारिक दृष्ट्या अपक्षच होते. परंतु रेन्हो यांच्या पाठीशी प्रमुख विरोधी पक्ष उघडपणे उभे होते, तर इशिमारू यांच्यामागे कोणताही मोठा पक्ष नव्हता. जपानी भाषेतील ‘मुशोझोकू’ म्हणजे ‘कोठेही न मोडणारा’ ही एकच संज्ञा या दोन्ही परिस्थितींना लागू पडते.

महाराष्ट्रात या रचनेशी मिळतेजुळते पद शोधावयाचे तर ते मुंबईतील राज्यपालांच्या निवासस्थानी सापडत नाही. ते गावच्या चावडीवर सापडते. संपूर्ण मतदारसंघाने एका कार्यकारी प्रमुखास थेट निवडावे आणि त्याच वेळी सदस्यांचे मंडळ स्वतंत्रपणे निवडावे, ही पद्धत आपल्याकडे सरपंचाच्या बाबतीत २०१७ साली आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडून आलेला सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, हा १९४८ साली मसुदा समितीतील सदस्यांना वाटलेल्या भीतीचाच लहान नमुना आता खेडोपाडी पाहावयास मिळतो. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही. त्यामुळे जपानी चिजीप्रमाणे तेथेही सगळेच औपचारिक अर्थाने अपक्ष असतात, आणि कोणते ‘पॅनेल’ कोणत्या पक्षाचे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. सारांश, परदेशातील गव्हर्नरच्या निवडणुकीची कल्पना मराठी वाचकास यावी यासाठी ‘राज्यपाल’ या शब्दापेक्षा ‘सरपंच’ हा शब्द अधिक उपयोगी पडेल.

४. ‘अपक्ष’ : घटना आणि अर्थच्छटा

‘अपक्ष’ या शब्दाचा विग्रह कित्येकदा ‘अप + पक्ष’ असा गृहीत धरला जातो. अपमान, अपयश, अपशब्द या शब्दांच्या संगतीमुळे तसा भास होणे स्वाभाविक आहे, आणि शब्दाला चिकटलेल्या किंचित हीनत्वाच्या छटेचे कारणही कदाचित हेच असावे. परंतु तसा विग्रह केल्यास रूप ‘अपपक्ष’ असे व्हावयास हवे. वस्तुतः हा नञ्‌बहुव्रीही समास आहे : ज्याला पक्ष नाही तो अपक्ष. संस्कृतात या शब्दाचा एक अर्थ ‘पंख नसलेला’ असा असून दुसरा ‘ज्याला पाठीराखे नाहीत असा’ असा आहे. ‘पक्ष’ हा शब्द मुळात पंख, त्यावरून बाजू, त्यावरून महिन्याचा अर्धा भाग, त्यावरून वादातील एक भूमिका अशा क्रमाने विस्तारत गेला. शुक्लपक्ष, पितृपक्ष, वरपक्ष, पूर्वपक्ष हे शब्द याची साक्ष देतात. राजकीय संघटना या अर्थी त्याचा उपयोग अर्वाचीन आहे. तथापि बाजू हा मूळ भाव त्यातून गेलेला नाही. म्हणूनच ‘अपक्ष’ या शब्दाने ज्याला संघटना नाही असा आणि ज्याला बाजू नाही असा, हे दोन्ही अर्थ एकदम सूचित होतात. यांतील पहिला कायद्याचा अर्थ आहे, दुसरा बहुधा खोटा असतो.

भारतीय भाषांत या कल्पनेसाठी योजलेले शब्द तुलनेसाठी पाहण्यासारखे आहेत. हिंदीत ‘निर्दलीय’, बंगालीत ‘निर्दल’, कन्नडमध्ये ‘पक्षेतर’, तेलुगूत ‘स्वतंत्र’, मल्याळममध्ये ‘स्वतंत्रन्’, तमिळमध्ये ‘सुयेच्चै’ आणि गुजरातीत मराठीप्रमाणेच ‘अपक्ष’. यांचे दोन वर्ग सहज पडतात. मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली व कन्नड या भाषा उमेदवाराचे वर्णन त्याच्याजवळ जे नाही त्यावरून करतात. तेलुगू, मल्याळम व तमिळ या भाषा त्याच्याजवळ जे आहे त्यावरून, म्हणजे स्वातंत्र्य किंवा स्वेच्छा यावरून करतात. मराठीत ‘स्वतंत्र उमेदवार’ हा शब्दप्रयोग अशक्य नाही. पण तो रूढ झाला नाही. शासकीय मराठीत ‘स्वतंत्र’ हे विशेषण भलत्याच ठिकाणी स्थिरावले आहे, ते म्हणजे ‘राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार)’ या पदनामात. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव यांना जून २०२४ मध्ये आयुष खात्याचे हेच पद मिळाले.

व्यवहारात ‘अपक्ष’ या एका शब्दाखाली निदान चार प्रकारचे उमेदवार येतात. पहिला, ज्याचा खरोखरच कोणत्याही पक्षाशी संबंध नाही असा. दुसरा, उमेदवारी नाकारल्यामुळे पक्षाबाहेर पडून उभा राहिलेला. त्याला वृत्तपत्रे ‘बंडखोर’ म्हणतात. तिसरा, पक्षाने आपला उमेदवार न देता ज्याला पाठिंबा दिला असा ‘पुरस्कृत अपक्ष’. हा शब्द तर्कदृष्ट्या वदतोव्याघात आहे. परंतु व्यवहारात त्याविषयी कोणालाही अडचण वाटत नाही. २०१९ साली अमरावतीतून काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या नवनीत राणा या त्याचे विदर्भातील उदाहरण होत. चौथा, एखाद्या चळवळीचा नेता, ज्याच्यामागे संघटना असते पण मान्यताप्राप्त पक्ष नसतो.

कायदा मात्र हा भेद पाहत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, अपक्षास दहा लागतात. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, नंतर केवळ नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी इतरांचे, अशा तीन वर्गांत नावे वर्णानुक्रमे लावली जातात. मतदानापूर्वी मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मृत्यू पावल्यास मतदान पुढे ढकलले जाते, अपक्षाच्या मृत्यूने ढकलले जात नाही. लोकसभेसाठी अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवारास २५,००० रुपये आहे आणि एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. निवडून आल्यावर तर ‘अपक्ष’ या शब्दाला विलक्षण टिकाऊपणा येतो. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार अपक्ष म्हणून निवडून आलेल्या सदस्याने नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर तो अपात्र ठरतो. २०२४ मध्ये सांगलीतून सुमारे एक लाख मतांच्या आधिक्याने विजयी झालेले अपक्ष विशाल पाटील यांनी काँग्रेसला पाठिंब्याचे पत्र दिले. पाठिंबा आणि प्रवेश या दोन शब्दांतील अंतरावर येथे सदस्यत्व अवलंबून असते.

५. बुलढाणा, २०२४

लोकसभेचा बुलढाणा मतदारसंघ बुलढाणा, चिखली, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव व जळगाव (जामोद) या सहा विधानसभा क्षेत्रांचा बनलेला आहे. जानेफळ हे गाव यांपैकी मेहकर क्षेत्रात येते. २६ एप्रिल २०२४ रोजी येथे मतदान झाले आणि ४ जूनला निकाल लागला. शिवसेनेचे प्रतापराव जाधव यांना ३,४९,८६७, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे नरेंद्र खेडेकर यांना ३,२०,३८८ आणि अपक्ष रविकांत तुपकर यांना २,४९,९६३ मते मिळाली. जाधव यांचे मताधिक्य २९,४७९ होते. तुपकर हे वर वर्णिलेल्या चौथ्या प्रकारचे अपक्ष होत. सोयाबीन व कापूस उत्पादकांच्या आंदोलनांमुळे ते जिल्ह्यात सर्वपरिचित होते.

या लढतीत पक्षाचा उल्लेखही भाषिक दृष्ट्या सरळ राहिलेला नव्हता. दोन्ही प्रमुख उमेदवार एकाच नावाच्या पक्षाच्या दोन शकलांचे होते, आणि त्यांतील भेद कंसातील तीन शब्दांनी व धनुष्यबाण आणि मशाल या चिन्हांनी दाखवावा लागत होता. हे विभाजन ज्या घटनांतून झाले त्यांत जून २०२२ मधील राज्यपालांच्या निर्णयाचा वाटा होता. विधानसभेत बहुमत सिद्ध करण्यास मुख्यमंत्र्यांना सांगण्याइतका वस्तुनिष्ठ पुरावा राज्यपालांसमोर नव्हता, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिला. म्हणजे न निवडलेल्या राज्यपालाच्या निर्णयाचे पडसाद बुलढाण्याच्या मतपत्रिकेवर उमटले होते.

निकालानंतर अशा लढतीचे वर्णन करण्याची मराठीतील ठराविक पद्धत म्हणजे ‘अपक्षाने मते खाल्ली’ हे वाक्य. त्याचा येथे विचार करणे उचित होईल.

आपली निवडणुकीची भाषा शरीराच्या अवस्थांवर बेतलेली आहे. उमेदवार ‘उभा राहतो’, माघार घेतली तर ‘बसतो’, हरला तर ‘पडतो’. या क्रियापदांची प्रयोजक रूपेही रूढ आहेत : कोणाला ‘उभे केले’ जाते, कोणाला ‘बसविले’ जाते, कोणाला ‘पाडले’ जाते. पक्षाच्या उमेदवाराविषयी बोलताना बहुधा मूळ रूप येते. अपक्षाविषयी बोलताना प्रयोजक रूप चटकन येते. पक्षाचा उमेदवार उभा राहतो, अपक्षाला कोणीतरी उभे केलेले असते. अपक्षाच्या कृतीचा कर्ता अपक्ष नव्हे, पडद्यामागील दुसराच कोणी, ही समजूत व्याकरणातच शिरली आहे.

‘मते खाणे’ हा प्रयोग याच समजुतीचा पुढचा टप्पा होय. खाण्याच्या क्रियेत ज्याचे खाल्ले जाते तो मालक अध्याहृत असतो. मते खाल्ली असे म्हणताना ती मुळात दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीची होती, हे गृहीत धरलेले असते. परंतु ‘मतदान’ हा शब्द नेमके उलट सांगतो. दान हे देणाऱ्याच्या मालकीच्या वस्तूचेच होऊ शकते आणि दिल्याशिवाय ते घेणाऱ्याचे होत नाही. एकाच विषयावरील हे दोन शब्दप्रयोग एकमेकांशी विसंगत आहेत. आणि कायदा व नीती यांच्या दृष्टीने ‘मतदान’ हाच प्रयोग सत्य आहे.

आकड्यांनी हे तपासून पाहता येते. तुपकरांची २,४९,९६३ मते पहिल्या दोघांतील २९,४७९ च्या अंतराच्या आठपटींहून अधिक आहेत. ते उभे नसते आणि या सर्व मतदारांनी जाधव किंवा खेडेकर यांपैकीच एकाची निवड केली असती असे मानले, तर निकाल उलटण्यास त्यांतील सुमारे ५६ टक्के मते खेडेकरांकडे जाणे पुरेसे होते. ४४ टक्क्यांहून किंचित अधिक जाधवांकडे गेली असती तर निकाल तोच राहिला असता. यांपैकी काय घडले असते, हे मतमोजणीच्या तक्त्यावरून सांगता येत नाही. त्या मतदारांपैकी काहींनी मुळीच मत दिले नसते, हीही शक्यता आहे. दोन प्रमुख उमेदवार एकाच पक्षाच्या दोन शाखांचे असताना ‘कोणाची मते खाल्ली’ या प्रश्नास तर विशेषच अर्थ उरत नाही. तक्ता एवढेच सांगतो की पहिल्या तिघांनाच मिळून ९,२०,२१८ मते पडली, त्यांत विजयी उमेदवाराचा वाटा ३८ टक्के होता, आणि उर्वरित उमेदवारांची मते धरली तर तो याहूनही कमी होतो. एकषष्ठांशाची अट ज्याने सहज ओलांडली त्या उमेदवारास केवळ ‘मते खाणारा’ म्हणणे म्हणजे अडीच लाख मतदारांच्या कृतीचे कर्तृत्व त्यांच्याकडून काढून घेणे होय.

‘निवडणे’ या धातूतच हा प्रश्न एका परीने दडलेला आहे. घरात धान्य निवडताना आपण खडे वेचून टाकतो आणि उरते ते ठेवतो. मतपत्रिकेवर निवडताना एकास वेचून घेतो आणि इतरांना सोडतो. सर्वाधिक मते मिळविणारा विजयी ही पद्धत दुसऱ्या प्रकारचे निवडणे जाणते, पहिल्या प्रकारचे नाही. ज्याला दोन्ही प्रमुख उमेदवार खड्यासारखे वाटतात त्या मतदारास आपला नकार सकारात्मक रूपातच सांगावा लागतो, आणि बऱ्याच वेळा ते रूप म्हणजे अपक्षास दिलेले मत होय.

६. दोन्ही शब्दांची गाठ

अपक्ष आणि राज्यपाल यांची खरी गाठ निवडणुकीच्या दिवशी पडत नाही. ती निकालानंतर पडते. १९९५ साली महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी शिवसेनेला ७३ आणि भारतीय जनता पक्षाला ६५, म्हणजे दोघांना मिळून १३८ जागा मिळाल्या. अपक्ष ४५ निवडून आले. बहुमतास १४५ हवे होते. सरकार कोणाचे, हे ठरविण्याचे सामर्थ्य अशा वेळी ज्यांना पक्ष नाही त्यांच्या हाती जाते, आणि कोणाला पाचारण करावे हे जो निवडून आलेला नाही त्याला ठरवावे लागते. १९४९ च्या युक्तिवादातील ‘सत्ता नाही’ हे गृहीतक ज्या ठिकाणी डळमळते ते हेच होय. म्हणून राज्यपाल निवडून यावयास हवा, असा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. तो राज्यशास्त्राचा विषय आहे. मात्र ‘राज्यपाल’ या शब्दातील ‘पाल’ या पदाने राखणदाराची जी मर्यादा सुचविली आहे, ती पाळली जाते की नाही हे पाहण्याचा अधिकार, ज्याने त्याला निवडले नाही त्या मतदारासही आहे, एवढे म्हणता येईल.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून परिभाषेसंबंधी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, थेट निवडून येणाऱ्या परदेशी पदासाठी ‘राज्यपाल’ हा शब्द न योजता ‘गव्हर्नर’ हाच शब्द ठेवावा. तो मराठीत दीर्घकाळ रुळलेला आहे आणि त्यामुळे संस्थांमधील भेद अबाधित राहतो. टोकियोसारख्या ठिकाणी तर ‘राज्य’ हे पूर्वपदही चुकीचे ठरते. दुसरी, ‘अपक्ष’ हा शब्द कायद्यातील अर्थापुरता राखावा आणि अभ्यासात त्याचे चार प्रकार वेगळे नोंदवावेत; पुरस्कृत, बंडखोर, चळवळीचा प्रतिनिधी व पूर्णतः एकाकी अशा उमेदवारांची मते एकाच रकान्यात मिळविल्याने निष्कर्ष फसवे निघतात. तिसरी, ‘मते खाणे’ हा प्रयोग वृत्तात व संशोधनात टाळावा.

बोलीतील वापराचा प्रश्न अर्थात वेगळा आहे. वऱ्हाडात, विशेषतः जिल्ह्याच्या घाटावरच्या व घाटाखालच्या भागांत, निवडणुकीसंबंधीची क्रियापदे कशी वापरली जातात, अपक्षाविषयी बोलताना प्रयोजक रूपांचे प्रमाण खरोखर किती असते, आणि पक्षफुटीनंतर एकाच नावाचे दोन पक्ष मतदार बोलताना कसे वेगळे करतात, हे प्रश्न प्रत्यक्ष नमुने गोळा करूनच सोडविता येतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकेस हा विषय योग्य आहे. जानेफळसारखे गाव त्यासाठी सोयीचे ठरेल. कारण तेथील मतदाराने दोन वर्षांच्या आत लोकसभा व विधानसभा या दोन्ही निवडणुकांत या शब्दांचा अनुभव घेतला आहे, आणि मेहकर क्षेत्रात नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेच्या उलट निकाल लागून शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे सिद्धार्थ खरात निवडून आले. सुमारे सात महिन्यांत मत बदलणाऱ्या मतदारास ती मते कोणाच्या मालकीची होती असे विचारले, तर तो काय उत्तर देतो आणि कोणत्या शब्दांत देतो, हे ऐकून नोंदविण्याजोगे आहे.